नुसती प्लेट टाकू की पूर्ण क्लच सेट? हातात पाच हजार, समोर कुंभार्ली घाट

पत्र थोडक्यात : चिपळूणजवळच्या एका ताईंनी लिहिलंय. खाजगी शाळेत शिकवतात. गाडी २०१३ ची पेट्रोल वॅगन आर, चार वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतलेली, ९२ हजार किलोमीटर झालेत, क्लच आधी कधी बदललाय का ते माहीत नाही. महिन्यातून एकदा वडिलांना तपासायला कराडला न्यावं लागतं. गेल्या खेपेला पोफळी सोडून घाट लागला तशी गाडी चढेना, इंजिन नुसतं ओरडतंय आणि वेग काही येत नाही, वर जळका वास. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने पूर्ण क्लचचे ११,८०० सांगितले. नाक्यावरचा मिस्त्री म्हणतो नुसती प्लेट टाकू, मजुरीसकट साडेतीन हजारात करून देतो. दीर म्हणतात पुण्यात भंगारात चांगला जुना सेट बाराशेला मिळतो. नवरा म्हणतो गाडीच काढून टाकू, आणि वर हेही की तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस म्हणून गेला. हातात आत्ता पाच हजार आहेत, पुढच्या महिन्यात भिशी लागणार आहे. त्यांचा प्रश्न : सगळ्यात स्वस्तात काय होईल, आणि चूक खरंच माझीच आहे का?

ताई,

आधी चूक कोणाची हा विषय संपवू, कारण पत्रात पैशापेक्षा त्याचाच त्रास जास्त दिसतोय. क्लच प्लेट ही झिजण्यासाठीच असते हो. ब्रेकचं लायनिंग झिजतं तसंच हेही लायनिंग, दर वेळी गाडी उभ्यावरून निघते तेव्हा थोडं थोडं घासलं जातं. सगळा वेळ हायवेवर पळणारी गाडी एका प्लेटवर लाखाच्या पुढे जाते आणि गावातल्या ट्रॅफिकमधली किंवा घाटात ट्रकच्या मागे रांगणारी पन्नास-साठ हजारातच हात वर करते. तुमची ९२ हजारावर गेली, त्यातले आधीचे किलोमीटर कोणी कसे चालवले ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे यजमानांनी एवढ्या खात्रीने निकाल द्यायची काही गरज नव्हती. आता पेडलवर पाय टेकवून ठेवायची सवय खरोखरच असेल तर ती वाईट आहे, त्याने बेअरिंग सतत फिरत राहतं आणि प्लेटची पकड किंचित ढिली होते, पण ही सवय मी निम्म्याहून जास्त पुरुष ड्रायव्हरांत बघतो आणि त्यांना कोणी बोलत नाही. सवय मोडायचीच, पण दोषी म्हणून नाही, नवीन प्लेट टिकावी म्हणून. विषय संपला.

आता दुसरं. तुम्ही विचारलंय "सगळ्यात स्वस्तात काय होईल". ह्या प्रश्नात तुम्ही धरूनच चाललाय की क्लच गेलाय, आणि हेही धरलंय की जेवढे कमी पार्ट टाकू तेवढा खर्च कमी. पहिली गोष्ट बहुतेक खरी निघेल पण तपासायला पैसे लागत नाहीत, मग न तपासता कशाला? दुसऱ्या गोष्टीबद्दल मला शंका आहे, तिच्यावर सविस्तर येतो.

तुमच्या गाडीचा क्लच केबलवर चालतो, ऑइलवर नाही. उद्या सकाळी गाडी बंद असताना खाली वाकून क्लच पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला साधारण दीड-दोन सेंटिमीटर, म्हणजे एका बोटाच्या रुंदीएवढं पेडल अगदी ढिलं खाली गेलं पाहिजे, त्यानंतर जोर लागायला लागतो. ह्याला फ्री प्ले म्हणतात. हा ढिलेपणा अजिबात नसेल, पेडल वरपासूनच ताठ असेल, तर केबल ओढून बसलीये आणि तुम्ही पाय न लावताही क्लच कायम थोडासा दाबलेलाच आहे. अशी गाडी चांगल्या प्लेटवरही घसरते. गंमत अशी की प्लेट झिजत गेली की हा फ्री प्ले आपोआप कमी होत जातो, म्हणून दर सर्व्हिसिंगला केबलचा नट बघायचा असतो आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. गिअरबॉक्सच्या बाजूला केबलच्या टोकाला ॲडजस्टिंग नट असतो, तो फिरवून प्ले आणता येतो, पाच मिनिटांचं काम. नट फिरवल्यावर गाडी नीट चालली तर तुमचा क्लचचा खर्च वाचला, निदान काही महिन्यांसाठी. आणि फिरवायला आटेच शिल्लक नसतील, तर मात्र प्लेट संपली असं समजा.

नट झाल्यावर एक चाचणी. सपाट जागा, समोर कोणी माणूस-भिंत नाही, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, उजवा पाय ब्रेकच्या जवळ. गाडी चालू करा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू पूर्ण सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन धक्का खाऊन लगेच बंद पडतं. बंद न पडता नुसतं गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरतेय, दुसरं काही नाही. ही चाचणी एकदाच करा, खात्रीसाठी परत परत केली तर जी थोडी प्लेट उरलीये तीही जाळून बसाल. रस्त्यावरची खूण तुम्ही लिहिलीच आहे : चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो पण गाडी पुढे ओढत नाही. त्यात जळका वास, आणि क्लच अगदी वर आल्यावर पकडतोय. मला वाटतं तुमचा गेलाय. पण नट बघितल्याशिवाय कोणाला गिअरबॉक्स खोलू देऊ नका एवढंच.

आता पैशाचं. क्लच म्हणजे मुख्य तीन वस्तू. एक, क्लच प्लेट, जिच्यावर लायनिंग असतं. दुसरी, प्रेशर प्लेट, जी स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड लोखंडी चाकावर, दाबून धरते. तिसरं, रिलीज बेअरिंग, आपले मिस्त्री नुसतं क्लच बेअरिंग म्हणतात, तुम्ही पेडल दाबलं की ते जाऊन प्रेशर प्लेटच्या फिंगर दाबतं. ह्या तिन्ही वस्तू इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसलेल्या असतात, म्हणजे ह्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू बदलायची म्हटली तरी बॅटरी-एअर फिल्टर काढा, एक्सल काढा, गिअर ऑइल सांडा, माउंटिंग सोडा, गिअरबॉक्स खाली घ्या, हे सगळं करावंच लागतं. चांगल्या हाताला अर्धा-पाऊण दिवस लागतो. मजुरी ह्या उतरवा-चढवायची असते, आत एक पार्ट टाकला काय आणि तीन टाकले काय, मजुरी तीच.

म्हणून मिस्त्रीच्या साडेतीन हजाराचा हिशोब जरा मांडून बघू. आकडे तुमच्या छोट्या गाडीचे, साधारण बाजारातले, गावागणिक इकडेतिकडे होतील. प्लेट समजा दीड हजार आणि मजुरी दोन हजार. झालं काम. आता आत राहिली ९२ हजार चाललेली प्रेशर प्लेट, जिची स्प्रिंग थकलेली असू शकते, आणि तेवढंच चाललेलं बेअरिंग. वर्षभरात बेअरिंग किंचाळायला लागलं किंवा जुन्या प्रेशर प्लेटवर नवीन प्लेट थरथरायला लागली की परत गिअरबॉक्स खाली, परत दोन हजार मजुरी, परत गिअर ऑइल, आणि ते पार्ट तर घ्यायचेच आहेत अडीच-तीन हजाराचे. म्हणजे आधीचे साडेतीन धरून नऊ हजाराच्या आसपास गेले, गाडी दोनदा गॅरेजला पडली, आणि दुसऱ्यांदा ती कुठे बंद पडेल ते आपल्या हातात नाही. तेच एकदम केलं तर? प्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट साडेतीन ते चार हजार, बेअरिंग पाच-सहाशे, गिअर ऑइल आठ-नऊशे, मजुरी दोन हजार, फ्लायव्हीलला लेथवर फेस मारावा, म्हणजे त्याची बाजू तासून सपाट करावी लागली तर आणखी तीन-चारशे. सात-आठ हजार.

मिस्त्री फसवतोय असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही त्याला "कमीत कमी किती" असं विचारलं असणार, त्याने कमीत कमीचं उत्तर दिलं. आणि नुसती प्लेट टाकणं नेहमीच चूक असतं असंही नाहीये. प्रेशर प्लेट अलीकडेच बदललेली असेल, किंवा गाडी चार-सहा महिन्यांत जाणारच असेल, तर प्लेट आणि बेअरिंगवर भागवलेलं चालतं. बेअरिंग मात्र कधीच सोडायचं नाही, पाच-सहाशेच्या वस्तूसाठी दोन हजाराची मजुरी पुन्हा द्यायची ह्याला काय अर्थ आहे.

सर्व्हिस सेंटरचे ११,८०० लूट आहे का? नाही म्हणता येत. ओरिजिनल पार्ट, त्यांचा लेबर रेट, वर जीएसटी, आणि काम बिघडलं तर दाद मागायला बिल हातात. फक्त एक विचारा, हे कोटेशन कधीचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्याच्या आधीचा कागद असेल तर नवीन काढून मागा. आणि पार्ट किती, लेबर किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. पुष्कळदा त्यात क्लच केबल, गिअर लीव्हरचे बुश, कुलंट असं काय काय घातलेलं असतं, त्यातलं काही खरंच लागतं, काही नाही.

दिरांचा बाराशेचा भंगारातला सेट. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे करू नका. भंगारातून दरवाजा घ्या, हेडलाइट घ्या, आरसा घ्या, तिथे चांगली वस्तू मिळते. झिजणारी वस्तू झिजलेली विकत घेऊन ती बसवायला नवीन मजुरी द्यायची, हा व्यवहार मला कधी पटला नाही. किती शिल्लक आहे ते डोळ्यांना दिसतं असं दीर म्हणतील, पण प्रेशर प्लेटची स्प्रिंग किती थकलीये ते डोळ्यांना दिसत नाही. तसंच जुन्या प्लेटवर नवीन लायनिंग चढवून देणारे असतात, ट्रक-ट्रॅक्टरला ते वर्षानुवर्षं चालत आलंय कारण तिथे प्लेटच मोठी आणि महाग, तुमच्या गाडीची अख्खी नवीन प्लेट दीड हजाराला येते, लायनिंगच्या फंदात पडायचं कारण नाही.

मग पाच हजारात कसं बसवायचं? माझं म्हणणं असं की काटछाट पार्टमध्ये करू नका, पार्ट कुठून घेता आणि काम कोणाकडे देता ह्यात करा, आणि पैसे दोन महिन्यांत विभागा. आत्ताच्या पाच हजारात पार्ट विकत घेऊन घरात ठेवा : प्लेट-प्रेशर प्लेटचा सेट आणि बेअरिंग. डब्यात पडून ते खराब होत नाहीत, फक्त ओल आणि तेल लागू देऊ नका, कोकणातला पावसाळा आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात वर. भिशीचे आले की गिअर ऑइल, मजुरी आणि लेथचं काम. भिशीला वेळ असेल तर शाळेच्या पतपेढीतून दोन-तीन हजार उचलणं चालेल, पण आठ हजारासाठी ॲपवरून कर्ज घेऊ नका, क्रेडिट कार्डाचं बिल अर्धवट भरत बसू नका, नाहीतर सर्व्हिस सेंटरपेक्षा महाग पडेल.

पार्ट घेताना दुकानदाराला नुसतं "वॅगन आरचा क्लच" असं सांगू नका. आरसी बुकचा फोटो आणि चॅसिस नंबर द्या, कारण वॅगन आरमध्ये २०१० ला इंजिन बदललं, तुमचं तीन सिलिंडरचं के सिरीज (के टेन) आहे, जुनं चार सिलिंडरचं होतं, आणि काउंटरवरचा पोरगा घाईत भलताच डबा काढून देतो. मारुतीचा ओरिजिनल घ्या किंवा वॅलिओ, एक्सेडी, लुक ह्यांपैकी एखादा, हे गाडी कंपन्यांनाही क्लच पुरवणारे लोक आहेत, त्यामुळे डब्यावर मारुती लिहिलेलं नाही म्हणून माल हलका असं नसतं. कराड, कोल्हापूरला होलसेलवाले आहेत, पुण्यात कोणी नातेवाईक असेल तर नाना पेठेत दोन-चार दुकानांत फोन करून भाव विचारायला सांगा, एकाच सेटमध्ये पाचशे-सातशेचा फरक सहज पडतो. पण नाव मोठं आणि भाव निम्मा असं दिसलं तर तिथून निघा. नकली क्लच भरपूर आहेत. डब्याचं सील, होलोग्राम, एमआरपी, पार्ट नंबर नीट छापलेला आहे का बघा, आणि पक्कं बिल घ्या, कच्च्या चिठ्ठीवर कोणी परत घेत नाही.

त्याआधी मिस्त्रीशी बोलून घ्या. काही जण गिऱ्हाइकाने आणलेला पार्ट बसवत नाहीत, बसवला तरी जबाबदारी घेत नाहीत, आणि त्यांचंही बरोबर आहे, पार्टमधलं त्यांचं चार पैशाचं मार्जिन जातं. सरळ विचारा, "दादा, पार्ट मी आणते, मजुरी तुमची पूर्ण घ्या, बसवण्यात काही चुकलं तर तुम्ही बघायचं, पार्ट खराब निघाला तर मी बघते." बहुतेक जण तयार होतात. किंवा तोच म्हणाला की मी ह्याच भावात आणून देतो, तर उत्तम, डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा. चिपळुणातच, खेर्डीच्या बाजूला वगैरे, अजून दोन गॅरेजवाल्यांना फोन करून मजुरी विचारा. "बाईमाणूस बघून भाव चढवतात" असं तुम्ही पत्रात लिहिलंय, असतं असं, नाकारत नाही. त्यावर उपाय बरोबर पुरुष नेणं हा नाहीये, नेमका प्रश्न विचारणं हा आहे. "क्लचला किती घ्याल" असं विचारलं की समोरचा तुम्हाला जोखतो. "वॅगन आर के टेन, गिअरबॉक्स उतरवून-चढवून नुसती मजुरी किती, फ्लायव्हील फेसिंग वेगळं की त्यात धरलंय, ऑइल सील लागले तर किती" असं विचारा, बघा आवाज कसा बदलतो ते.

गिअरबॉक्स खाली आला की तुम्ही तिथे असायला हवं, शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाका, नाहीच जमलं तर व्हिडिओ कॉल करायला सांगा. ही संधी परत ९० हजार किलोमीटरनंतर येणार. काय बघायचं सांगतो. जुनी प्लेट हातात घ्या, लायनिंग रिव्हेटच्या टोकांपर्यंत आलंय का. आलं असेल तर रिव्हेटने फ्लायव्हीलवर आणि प्रेशर प्लेटवर गोल चरे पाडलेले दिसतील, नखाला लागतात. फ्लायव्हीलवर निळसर-काळपट डाग असतील तर ते तापून पडलेले आहेत, वर घाटात जो वास आला तो हाच. किरकोळ असेल तर मिस्त्री पॉलिश पेपर मारून देईल, चरे खोल असतील तर लेथवर फेस मारून आणायचा, तीन-चारशे रुपयांत कंजूषी करू नका, खराब फ्लायव्हीलवर नवीन प्लेट बसवली की पहिल्या दिवसापासून गाडी निघताना थरथरते आणि मग सगळे प्लेटला नावं ठेवतात.

मग जुन्या प्लेटचा वास घ्या, हसू नका. नुसतं जळल्याचा वास आणि कोरडी पूड असेल तर ठीक. पण लायनिंग ओलसर, तेलकट असेल तर प्लेट झिजून गेलीच नाहीये, तेलाने गेलीये. इंजिनच्या मागच्या बाजूचं क्रँक ऑइल सील नाहीतर गिअरबॉक्सचं पुढचं सील गळतंय. अशा वेळी सील न बदलता नवीन सेट टाकला तर तो काही महिन्यांत तसाच भिजणार. सीलची किंमत शे-दोनशे, जास्तीत जास्त चारशे, आणि गिअरबॉक्स उघडाच आहे. हे मिस्त्रीने न सांगताच करायला हवं, पण "फक्त प्लेट, साडेतीन हजार" असं ठरलेलं असलं की तो तिकडे बघणारच नाही, त्याला तरी का बोलायचं.

आणि एक तुमच्या गावापुरतं. गाडी तुम्ही चार वर्षांपूर्वी घेतली म्हणताय, म्हणजे जुलै २०२१ च्या पुरानंतर. त्या पुरात चिपळुणातल्या किती गाड्या पाण्याखाली होत्या ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि त्यातल्या कितीतरी नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. तुमची तशीच असेल असं नाही. पण गिअर ऑइल काढतील ते एका स्वच्छ ट्रेमध्ये घ्यायला सांगा. जुनं ऑइल काळपट असतंच, पण दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर गिअरबॉक्समध्ये पाणी गेलेलं आहे. मग आतली बेअरिंग एकदा हाताने फिरवून बघायला सांगा, खरखर लागते का. क्लचच्या घरात गंज, बेअरिंगमधलं ग्रीस धुतलेलं, रिलीज फोर्कचा (बेअरिंगला ढकलणाऱ्या दांड्याचा) बुश जाम, हे सगळं पुराच्या गाडीत सापडतं. पेडल जड लागायचं कारण बऱ्याचदा हा फोर्क किंवा केबल असते, प्लेट नसते. केबल चारेकशेला येते, तिच्या तारा टोकाला उसवलेल्या दिसल्या तर आत्ताच टाका, पण नीट असेल तर जुनीच राहू दे, इथे पैसे वाचवलेले चालतात. कारण केबल बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, कधीही बदलता येते.

बारीकसं अजून एक, तिथे उभ्या असाल तर. क्लचच्या घरातली पूड एअर मारून उडवू देऊ नका, ती छातीत जाते, जुन्या लायनिंगमध्ये काय काय असायचं. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. आणि नवीन प्लेटला कोणी ग्रीसच्या हाताने धरत असेल तर तिथल्या तिथे बोला.

गाडी विकायचं म्हणाल तर, विकायची असेल तर विका, तो तुमच्या घरातला निर्णय. पण क्लच गेलाय म्हणून विकू नका. घेणारा चालवून बघतोच, त्याला पहिल्या चढाला कळतं, आणि आठ हजाराच्या कामासाठी तो पंधरा-वीस हजार कापून मागतो. तुमच्याकडे तेवढ्या भावात दुसरी गाडी येणार नाही, आलीच तर तिचा क्लच कसा आहे देव जाणे. इंजिन-बॉडी ठीक असेल तर ही गाडी अजून पाच-सहा वर्षं चालेल, माझं मत ठेवायच्या बाजूने आहे.

काम होईपर्यंत काय? गावात सपाटीला हळू चालवायला हरकत नाही, खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर हलका. घाट बंद. हे मी पैशासाठी पण म्हणतोय, कारण घसरणारी प्लेट जितकी चालवाल तितकं फ्लायव्हील खराब होईल आणि आठाचे दहा होतील, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वडील गाडीत असताना कुंभार्लीच्या वळणावर, मागे लोड ट्रक लागलेला असताना गाडीने चढायचं सोडलं तर हँडब्रेकवर गाडी धरून कोणाला हाक मारणार? दरम्यान तारीख आली तर एसटीने जा, वडिलांना झेपत नसेल तर त्या दिवसापुरती ओळखीच्याची गाडी ठरवा. तो खर्च ह्याच हिशोबात धरा. आणि इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा, रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंग त्यात असतं, बऱ्याच जणांनी पैसे भरलेले असतात आणि माहीतच नसतं. क्लच मात्र इन्शुरन्समध्ये येत नाही, झीज कुठल्याच पॉलिसीत धरत नाहीत.

ज्यांच्या गाड्या वेगळ्या आहेत त्यांच्यासाठी चार ओळी, कारण असल्या प्रश्नांची पत्रं नेहमी येतात. क्लच ऑइलवर चालणारा असेल आणि पेडल खालीच बसतंय, गिअर पडत नाहीयेत, तर आधी क्लच ऑइलची टाकी बघा, मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलने क्लचपर्यंत पोचवणारे) गळत असेल, प्लेटशी संबंध नसतो आणि काम पुष्कळ स्वस्तात होतं. पण काही गाड्यांत हा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच, बेअरिंगसकट बसवलेला असतो, तिथे क्लच करताना तोही बदलून टाका, मजुरीचा हिशोब वर सांगितला तोच. क्लच दाबल्यावर किरकिर येत असेल तर रिलीज बेअरिंग. उलटं, न्यूट्रलला क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की बंद, तर आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा, त्यासाठी कोणी क्लच सेट विकत असेल तर घेऊ नका. काही डिझेल गाड्यांना ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं, मधे स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील असतं, ते महाग, त्याला साध्या फ्लायव्हीलसारखा लेथवर फेस मारत नाहीत, त्यामुळे तिथे आठ-दहा हजाराचं बजेट डोक्यातून काढा आणि आधी तेच तपासून घ्या.

काम झाल्यावर ताई, पैसे द्यायच्या आधी मिस्त्रीला शेजारी बसवून तुम्ही स्वतः गाडी चालवा, एखाद्या चढावर थांबवून परत काढा, रिव्हर्स दोन-तीनदा टाकून बघा, खर्र आवाज येता कामा नये. फ्री प्ले परत हाताने तपासा, नवीन प्लेटला तो नव्याने सेट करावा लागतो आणि घाईत राहून जातो. जुने पार्ट डिकीत टाकून घरी आणा, ते तुमचे आहेत, आणि बिलावर किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या. पहिले चार-पाचशे किलोमीटर प्लेट बसायला लागतात, तेवढ्यात हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवू नका, भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नका. नवीन लायनिंगचा थोडा वास एक-दोन दिवस येतो, घाबरायचं नाही. हजारभर किलोमीटर झाले की केबलचा नट परत एकदा बघून घ्या, त्याला कोणी पैसे मागितले तर गॅरेज बदला.